कातडीने गाणं ऐकणं: कामाची गोष्ट की महागडं खूळ?

मृण्मयी_ठाणे
नमस्कार मंडळी. माझे सासरे ७९ वर्षांचे. जन्मभर नाट्यसंगीत आणि अभंगांचे वेडे. आता दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. समोरासमोर बोललेलं बऱ्यापैकी समजतं, पण गाणं लावलं की म्हणतात, "बंद कर, पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं." हळूहळू त्यांनी गाणं ऐकणंच सोडलं.

नवऱ्याच्या आयफोनमध्ये म्युझिक हॅप्टिक्स नावाची सोय आहे (सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी). गाणं सुरू असताना फोन तालावर थरथरतो. एक अभंग लावून फोन बाबांच्या हातात दिला. जरा वेळाने म्हणाले, "भजनी ठेका आहे. पण फोन कशाला उड्या मारतोय?" म्हणजे ठेका कळला!

नेटवर शोधलं तर अंगात घालायची जाकिटं, मनगटी पट्टे, खुर्चीखाली लावायचे शेकर (खुर्ची थरथरवणारी यंत्रं) असा बाजारच भरलाय. किमती वाचून फेस आला. कोणी वापरलंय का? आपल्या गाण्याला त्याचा काही उपयोग, की नुसतंच धडाम धडाम?

चाळकरी
फुकटात पाहिजे असेल तर अनंत चतुर्दशीला बाबांना आमच्या गल्लीत घेऊन या. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिलं की बरगड्यांनी गाणं ऐकू येतं. जाकीट कशाला?

पुस्तकातली_बाई
चाळकरी, दिवे घ्या आणि गप्प बसा.
मृण्मयी, या विषयातली माझी आवडती गोष्ट हेलन केलर यांची. फेब्रुवारी १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून बीथोवनची नववी सिम्फनी रेडिओवर लागली होती. घरातल्या कोणीतरी त्यांना रिसीव्हरवर हात ठेवून बघायला सांगितलं. मग वरचं झाकण काढलं आणि त्यांनी बोट थेट आतल्या पडद्यावर टेकवलं. पूर्ण बहिऱ्या आणि आंधळ्या बाईला त्यात नगाऱ्यांची घरघर, तंतुवाद्यं, शेवटचं समूहगान हे वेगवेगळं जाणवलं. वाद्यवृंदाला त्यांनी पत्र लिहून तसं कळवलं. शंभर वर्षांपूर्वीचं हॅप्टिक म्हणायचं ते हेच, आणि खर्च काय, तर एक झाकण काढण्याचा.

डग्गावाला
मस्त विषय. मी हौशी तबलजी. बायाँवर (म्हणजे डग्ग्यावर) मनगट घासून घुमारा काढतो तेव्हा तो मला कानाआधी तळव्यात कळतो. साथीला बसल्यावर गोंगाटात आपलाच डग्गा ऐकू येत नाही, तेव्हा हातावरच भिस्त. वाजवणाऱ्या लोकांना यात नवीन काही वाटणार नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाजवणाऱ्याचा हात कधी मिळत नाही, तो या यंत्रांनी थोडासा मिळतो, इतकंच.

इव्हलिन ग्लेनी यांचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून घेतो. स्कॉटलंडच्या तालवादक. बाराव्या वर्षापर्यंत ऐकू येणं जवळजवळ संपलं. शाळेतले शिक्षक टिंपनी (मोठे पाश्चात्त्य नगारे) सुरात लावताना त्यांना भिंतीवर हात ठेवायला सांगत आणि कुठला सूर अंगात कुठे जाणवतो ते विचारत. खालचे सूर पायांत, वरचे चेहरा-मान-छातीत, असा त्यांनी नकाशाच केला. आजही बऱ्याचदा अनवाणी वाजवतात. २०१५ चा पोलर संगीत पुरस्कार मिळाला.

खर्जवेडा
> आपल्या गाण्याला त्याचा काही उपयोग?

थोडा हिशोब करू. कानाची कक्षा साधारण २० ते २०,००० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं). कातडीला थरथर कळते ती फार तर १००० हर्ट्झपर्यंत आणि सर्वांत चांगली २५० च्या आसपास. हे काम कातडीखाली खोलवर असलेले पॅसिनियन नावाचे सूक्ष्म कण करतात, बोटांच्या टोकांत ते भरपूर असतात.

आता काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळी पट्टीला सा धरून) गाणाऱ्या बुवांचा मध्य षड्ज, म्हणजे मधला सा, १३९ हर्ट्झच्या आसपास, तानपुऱ्याचा खर्ज ६९. काळी पाचच्या बाईंचा सा २३३, तार षड्ज ४६६, तार पंचमापर्यंत गेल्या तरी ७००. म्हणजे सगळं गाणं कातडीच्या टापूत बसतं! (मूळ सुराबद्दल बोलतोय. आवाजाची झळाळी ज्या वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या बारीक सुरांत असते, ते बाहेरच राहतात.)

मग अडचण काय? टापू पुरेसा आहे, पण कातडी ढोबळ आहे. दोन कंपनं वेगळी आहेत हे कळायला कातडीला साधारण २० ते ३० टक्क्यांचा फरक लागतो. सा पासून शुद्ध रे साडेबारा टक्के वर, कोमल रे जेमतेम सात टक्के. शुद्ध गंधार पंचवीस टक्के. म्हणजे सा आणि ग यांत फरक कळला तरी नशीब. भैरवी, तोडी, मारवा, सगळ्यांची एकच खिचडी. ताल मिळेल, लय मिळेल, सूर मिळणार नाही. जाकीट पन्नास हजारांचं असो की पाच हजारांचं.

रानमेवा
खर्जवेडा, तुमचा प्रतिसाद वाचून तोडीची खिचडी खावीशी वाटू लागलीय.

टोरांटोकर
खर्जवेडा यांच्या आकड्यांबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. इथल्या रायर्सन विद्यापीठात (आता टोरांटो मेट्रोपॉलिटन) इमोटी-चेअर नावाची खुर्ची बनवली होती. तिच्यात पाठीच्या वेगवेगळ्या उंचीवर स्पीकरच्या कॉइल बसवल्या आहेत आणि आवाजाच्या पट्ट्या करून प्रत्येक पट्टी वेगळ्या जागी पाठवली जाते. आपल्या कानातला शंख असंच करतो, कुठला सूर हे तो जागेवरून ओळखतो. म्हणजे कातडीला कंपन किती वेगाचं हे विचारायचंच नाही, कुठे झालं ते विचारायचं. ते तिला बरं कळतं.

त्याच मंडळींनी २०१२ मध्ये एक प्रयोग छापला. कर्णबधिर लोकांना नुसत्या पाठीवरच्या कंपनातून चेलो, पियानो आणि ट्रॉम्बोन वेगवेगळे ओळखता आले. स्वर आणि जोर तोच ठेवला होता, फक्त वाद्याचा पोत वेगळा. तेव्हा "ताल मिळेल आणि बास" हे जरा घाईचं.

खर्जवेडा
वाद्य ओळखणं आणि राग ओळखणं यात फरक आहे की नाही? आपल्या बैठकीत वाद्यं असतात चार आणि ती कुठली हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. पाठीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कसं दाखवणार? मणक्यावरून मुंगी चालवणार?

टोरांटोकर
खरं तर हो, जवळपास तसंच. :) शेजारच्या दोन मोटरींचा जोर कमी-जास्त केला की मधेच कुठेतरी सरकल्याचा भास होतो. मींड दाखवायला पाश्चात्त्य स्केलपेक्षा ते बरं पडेल.

चाळकरी
मुंगी! आता मात्र मी हे जाकीट घेणार.

सोल्डरिंग_सम्राट
फेस येईल इतके पैसे कशाला घालवता? मी घरी करतोय, तुम्हीही करा.

लागतं काय: एक एक्सायटर (म्हणजे शंकू नसलेला स्पीकर, ज्या पाटीला चिकटवाल ती पाटी वाजते), छोटा अ‍ॅम्प्लिफायर, अडॅप्टर. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे मिळतं. मी सागवानी पाटाच्या खालच्या बाजूला एक्सायटर बसवला आणि पाटाला रबराचे पाय लावले. गाण्याचा दीड-दोनशे हर्ट्झच्या खालचा भाग तेवढा पाटाला, बाकी नेहमीच्या स्पीकरला. पखवाज लावून बसलं की धुमाचा (पखवाजाच्या खर्जाच्या बाजूचा) भरीव आवाज मांडीत येतो.

दोन सूचना. एक, ब्लूटूथ वापरू नका, वायरच लावा. स्वस्त ब्लूटूथमध्ये आवाज सहज दीडशे मिलिसेकंद मागे पडतो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे कानात सम (तालाची पहिली मात्रा) येऊन गेल्यावर अर्ध्या मात्रेहून जास्त उशिरा बुडाखाली सम येते. बसणारा चक्रावतो. दुसरं, पाटाला रबर लावलं नाही तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. आमचे आले.

पुणेरी_खवट
पाट वाजवून गाणं ऐकायचं आणि शेजाऱ्यांनी दार वाजवायचं. सवाल-जवाबच म्हणा की.

आदित्य_बंगळुरू
मी एका नामांकित कंपनीचं (नाव लिहीत नाही) पाठीला बांधायचं यंत्र परदेशातून मागवलं होतं. इलेक्ट्रॉनिक संगीताला भन्नाट. किशोरीताईंचा भूप लावला तर पाठीवर अधूनमधून तबल्याचे ठोके, बाकी शांतता. आलापीत तर काहीच नाही. बॅटरी गेली आणि इथे दुरुस्त करणारा कोणी नाही. आता कपाटावर आहे. घ्यायचं असेल तर आधी भारतात सर्व्हिस आहे का ते विचारा.

निशिगंधा_म
वाचून वाईट वाटलं. ज्यांना जन्मापासून काहीच ऐकू येत नाही त्या बिचाऱ्यांसाठी तरी हे वरदान ठरेल. संगीताशिवाय आयुष्य म्हणजे किती मोठी पोकळी!

आवाज_बंद
बिचारा हजर आहे.

मी जन्मतः कर्णबधिर. वय ३४, डिझायनर, लग्न झालेलं, पोकळीबिकळी नाही. संगीत नसल्याचं दुःख मला तितकंच आहे जितकं तुम्हाला अतिनील रंग न दिसण्याचं.

आता विषयावर. मला ढोल आवडतो. गणपतीत पथकाच्या अगदी जवळ उभा राहतो. दिंडीत पखवाज आला की पखवाजवाल्याची ओळख असेल तर खोडावर हात ठेवू देतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकर असले तर ट्रॉलीच्या पत्र्यावर हात. आम्ही मित्र फुगेही घेऊन जातो. फुगा दोन्ही हातांत धरला की आवाज बोटांत येतो आणि तो दहा रुपयांना मिळतो. परदेशात हीच युक्ती मुलांच्या मैफलींत वापरतात.

एका प्रदर्शनात जाकीट घालून बघितलं. मजा आली. पण यंत्र बनवणाऱ्याला वाटत होतं की मी आता रडेन. असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील: मागे पियानो, कर्णबधिर माणूस जाकीट घालतो, डोळ्यांत पाणी. ते कंपनीसाठी असतात. आमच्यातल्या काहींना संगीत हवं असतं, काहींना अजिबात नको असतं. जाकिटाआधी नाटकांना सांकेतिक भाषेचा दुभाषी द्या, मराठी सिनेमांना मराठी सबटायटल द्या. तो खर्च आधी.

निशिगंधा_म
माफ करा, तो शब्द चुकला. फुग्याचं माहीत नव्हतं, शाळेत करून बघेन.

आवाज_बंद
ठीक आहे. फुगा मोठा घ्या आणि पूर्ण फुगवू नका, फुटला की मुलं घाबरतात. (मी घाबरत नाही. :))

टोरांटोकर
आवाज_बंद, अनुमोदन. कर्णबधिर लोकांना सुरुवातीपासून सोबत घेऊन केलेलं काम वेगळं दिसतं. म्युझिक: नॉट इम्पॉसिबल नावाचा प्रकल्प आहे, त्यात जाकिटाबरोबर मनगटी आणि पायाचे पट्टे असतात. ढोबळमानाने ड्रम पायाकडे, गिटार मनगटाकडे, असं वाटप त्यांचाच माणूस मैफलीत बसून करतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरने त्यांची जाकिटं घेऊन सायलेंट डिस्को (हेडफोनवर गाणं ऐकत नाचायचा कार्यक्रम) केला. ऐकू येणारे आणि न येणारे एकाच मैदानावर नाचले.

आणखी एक. २००१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डीन शिबाटा नावाच्या संशोधकांनी मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं होतं की जन्मतः कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या हाताला कंपन दिलं तर मेंदूचा एरवी ऐकण्याचं काम करणारा भाग जागा होतो. ऐकू येणाऱ्यांत तसं दिसलं नाही. तेव्हा "कातडी ढोबळ" हा हिशोब आवाज_बंद आणि खर्जवेडा या दोघांना सारखा लागू होईलच असं नाही.

खर्जवेडा
मान्य. पण धाग्यातले बाबा ७९ व्या वर्षी ऐकू येणं कमी झालेले आहेत. त्यांचा मेंदू माझ्यासारखा, जन्मभर कानावर पोसलेला.

चाळकरी
माझ्या डीजेला कोणी दाद दिली नाही. अहो तेच तर तंत्रज्ञान!

वकीलसाहेब_सातारा
चाळकरी, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तुमची भिंत शंभरच्या खाली येत नसेल. आणि त्यातून जे बहिरे होतील ते पुढे याच धाग्यावर जाकीट विचारत येणार.

डग्गावाला
इथे मला या यंत्रांची खरी बाजू दिसते. लोक आवाज वाढवतात तो कानासाठी नाही, छातीत धक्का बसावा म्हणून. तो धक्का खुर्चीतून किंवा हेडफोनमधल्या शेकरमधून मिळाला तर आवाज कमी ठेवता येतो. माझ्या भाच्याकडे कंपन कमी-जास्त करायची पट्टी असलेला हेडफोन आहे. सुरुवातीला हसलो. पण कंपन वाढवलं की पोरगा आपणहून आवाज खाली आणतो.

पुणेरी_खवट
भाचा आदर्श दिसतो. आमचा दोन्ही वाढवतो.

श्रवण_सल्ला
मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे. उशिरा आले, सगळं वाचलं. मृण्मयी, तुमच्या मूळ प्रश्नाकडे कोणीच नीट पाहिलेलं नाही.

वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुतेक वेळा आधी वरच्या पट्टीचं जातं. खालचं बऱ्यापैकी शिल्लक राहतं. म्हणजे बाबांना डग्गा, पखवाज, खर्ज हे अजून कानांनीच ऐकू येत असण्याची शक्यता जास्त. जातात ती व्यंजनं, झांजा-टाळांची किणकिण, आवाजाची धार. आणि सगळी जाकिटं, पट्टे, शेकर काय देतात? खालचंच. म्हणजे जे आहे तेच दुप्पट मिळणार. भजनी ठेका त्यांनी लगेच ओळखला त्यात फोनचा वाटा असेल, पण कानाचाही असेल.

दुसरं, गाणं खड्यांसारखं का वाटतं? श्रवणयंत्र बोलण्यासाठी बनवलेलं असतं. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गाडी असं धरून ते तो दाबतं. आता आपल्या संगीतात एकसारखा चालू राहणारा आवाज कुठला? तानपुरा! शिट्टी वाजू नये म्हणून यंत्रात एक सोय असते, ती बासरीचा किंवा हार्मोनियमचा लांबवलेला सूर ऐकून ही शिट्टीच आहे असं समजते आणि तो कापायला जाते. त्यातून सूर थरथरतो, चिरकतो. शिवाय मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणण्याचं काम सतत चालू असतं, त्यामुळे गाण्यातले चढउतार सपाट होतात.

उपाय: यंत्र घेतलं तिथे जाऊन संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मागा. गोंगाट कमी करणारी सोय बंद, शिट्टीची सोय बंद किंवा अगदी मंद, दाब कमी. बहुतेक डिजिटल यंत्रांत हे करता येतं आणि त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही. बाबांना आवडणारं एक ध्वनिमुद्रण बरोबर न्या आणि ते वाजवून यंत्र लावून घ्या. नुसतं "आता कसं वाटतंय" विचारून लावलेलं यंत्र बोलण्यापुरतंच बरं असतं. तुम्ही ठाण्याच्या, दुसरं मत हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे.

कंपनाचा खरा फायदा मला दिसतो तो कॉक्लिअर इम्प्लांटवाल्यांना (शस्त्रक्रियेने कानात यंत्र बसवलेल्यांना). इम्प्लांटमधून लय छान कळते, सूर फार धूसर. साउथॅम्प्टन विद्यापीठात इम्प्लांटच्या जोडीला मनगटावर कंपन देऊन पाहतायत, आणि गोंगाटात बोलणं समजायला त्याने मदत होते असं दिसलंय.

खर्जवेडा
तानपुऱ्याला पंखा समजणारं यंत्र! आमच्या शेजारीणबाईंच्या कानातही तेच असावं.

सोल्डरिंग_सम्राट
ताई, सगळं पटलं, पण एक शंका. यंत्र काढून ठेवून, मोठा हेडफोन लावून वरच्या पट्ट्या इक्वलायझरने उचलल्या तर?

श्रवण_सल्ला
जमतं बऱ्याच जणांना, आणि गाण्यासाठी यंत्रापेक्षा बरंही वाटतं. मात्र त्यांचा ऑडिओग्राम (श्रवणतपासणीचा आलेख) बघून आणि आवाजाला वरची मर्यादा घालून. अंदाजाने उचलू नका, उरलेलंही जाईल.

मृण्मयी_ठाणे
श्रवण_सल्ला, मनापासून आभार. शनिवारची वेळ घेतली आहे. काय न्यायचं विचारलं तर बाबांनी यादीच दिली, त्यात पहिली दोन भीमसेनजींची.
जाकीट रद्द. पाट मात्र करणार, कारण त्याचं वर्णन वाचून दाखवल्यापासून बाबा रोज "तो वाजणारा पाट कधी येतोय" विचारतायत. उपयोग दुप्पट का होईना!
आवाज_बंद, तुमचा प्रतिसादही त्यांना वाचून दाखवला. पखवाजाच्या खोडावर हात ठेवायचं त्यांना माहीत होतं म्हणे, लहानपणी देवळात करायचे.
सम्राट, एक्सायटर किती वॅटचा घेऊ?

सोल्डरिंग_सम्राट
पाटाला २५ वॅट पुरे. ४ ओमचा घ्या, बरोबर येणाऱ्या चिकटपट्टीवर विसंबू नका, स्क्रूची भोकं असलेला मागा. आणि बाबांना जमिनीवर बसवत नसेल तर पाट खुर्चीवर ठेवा, रबर तरीही लावा.

आदित्य_बंगळुरू
कपाटावरचं जाकीट अर्ध्या किमतीत कोणाला हवंय का? बॅटरी स्वतः बदलून घ्यावी लागेल.

चाळकरी
मुंगी चालते का त्यात?